न पुरलेल्या पेटीचं उत्खनन

जी वस्तू सापडत नाही ती पुरलेली असते, हे सत्य बाकीच्या जगाला कधी उमजेल ते उमजो. जोयडा तालुक्याला ते पहिल्यापासून ठाऊक आहे. आमच्याकडं कपाट हा प्रकार उशिरा आला आणि कुलूप त्याच्याही नंतर. जमीन मात्र होतीच. त्यामुळं लपवायचं ते जमिनीत, अशी इथली रीत पडली. अबकारीवाल्यांची जीप वळणावर दिसली की काजूच्या दारूचे डबे परसात खाली जातात आणि जीप गेली की वर येतात. (कधी जीप जातच नाही. मग डबे जीपवाल्यांसाठीच वर येतात.) भावाभावांत वाटण्या व्हायच्या असल्या की तांब्याची भांडी खाली जातात. सांगायचं एवढंच की, एखादी चीज हरवली तर आमचा माणूस फळीवर, माळ्यावर किंवा खिशात बघत नाही. तो कुदळ मागतो.

साल चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचं. कॅसलरॉकच्या बाजूला रुळांची रुंदी वाढवण्याचं काम चाललं होतं आणि त्या कामाला खडी लागत होती. रामनगरच्या अलीकडं, आमच्या माळशेत गावाच्या डोंगराला एका ठेकेदारानं खाण लावली होती. दुपारी सुरुंग उडाला की शाळेच्या कौलांतली धूळ मुलांच्या वह्यांवर पडायची आणि मग मधली सुट्टी झाली असं सगळे समजायचे. अशा सुरळीत चाललेल्या कारभारात एक दिवस खाणीवर नवा मेस्त्री आला, त्यानं माल मोजला आणि जिलेटिनच्या कांड्यांची एक पेटी कमी भरली.

इथं वाचकांच्या सोयीसाठी एक किरकोळ गोष्ट सांगून ठेवतो. खाणीचा जुना मेस्त्री कृष्णा हा जपणारा माणूस. मिरगाच्या पावसात खाणीवरची शेड गळू लागली तेव्हा एक पेटी भिजेल म्हणून त्याचा जीव खालीवर झाला. कांड्या उडवायच्या टोप्या, म्हणजे डिटोनेटर, त्यानं कुलपात ठेवल्या, पेटी डोक्यावर घेतली आणि गावातल्या सर्वात कोरड्या खोलीत आणून ठेवली. ही खोली म्हणजे माळशेत माध्यमिक विद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. ती कोरडी होती, कारण तिथं आजवर एकही प्रयोग झालेला नव्हता. शाळेचा शिपाई लखू हा नीटनेटका. त्यानं पेटीवरच्या इंग्रजी अक्षरांची बाजू भिंतीकडं केली आणि वर फुलाफुलांचं कापड घातलं. कृष्णा मेस्त्री मग बायकोच्या बाळंतपणाला विजापूरकडं निघून गेला. प्रयोगशाळेला बऱ्याच वर्षांच्या मागणीनंतर एक बैठक मिळाली, म्हणून आम्हा सर्वांना आनंद झाला.

आता पेटी हरवली म्हटल्यावर ती पुरलेली असणार, हे उघडच होतं. वरच्या ऑफिसातही कोणीतरी आपल्या तालुक्यातलाच असावा, कारण तिकडून आलेल्या आदेशात स्पष्ट लिहिलं होतं: ‘सदर गावी पुरलेल्या स्फोटकांचा शोध शास्त्रीय पद्धतीने घ्यावा.’ त्याप्रमाणं समिती झाली. अध्यक्ष परशूअण्णा (ते गावातल्या सगळ्याच समित्यांचे अध्यक्ष होते, त्यामुळं निवडीत वेळ गेला नाही). कायदा म्हणून एक हवालदार. चिटणीस म्हणून शाळेचा कारकून, म्हणजे मी. आणि शास्त्र म्हणून पुंडलिक मास्तर.

पुंडलिक मास्तरांविषयी मी आदरानंच लिहिणार आहे. रसायन शिकवावं तर त्यांनीच. शाळेच्या साहित्यात परीक्षानळ्या, त्यांतली एक गळकी. स्पिरिटचा दिवा, वातीशिवाय. लिटमसचा एक कागद, जो वाळवीनं अर्धा खाल्ला होता (वाळवीचा रंग बदलला का, याची नोंद नाही). दुसरा मास्तर असता तर रडत बसला असता. आमच्या मास्तरांनी मनातल्या मनात प्रयोग करण्याची पद्धत काढली. मुलांनी डोळे मिटायचे. मास्तर म्हणायचे, “नळी धरा. आता दिव्यावर तापवा. तोंड दुसऱ्याकडं करू नका. थेंब थेंब आम्ल घाला. काय दिसतंय?” वर्ग ओरडायचा, “लाऽल!” मग डोळे उघडून वहीत लिहायचं: साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. एकदा मागच्या बाकावरचा लाडू ‘हात भाजला’ म्हणून किंचाळला, तेव्हा मास्तरांनी त्याला प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी गुण दिले. आमच्या शाळेचा रसायनाचा निकाल सुसज्ज शाळांपेक्षा नेहमीच वरचढ असे, कारण प्रयोग प्रत्यक्ष करणाऱ्यांचा तो कधीतरी फसतो.

पण माणूस आहे. मास्तरांच्या मनात एक दुखरी जागा होती, ती मला ठाऊक होती. उभ्या हयातीत हजारो नळ्या त्यांनी लाल केल्या, निळ्या केल्या. पण डोळ्यांनी एकही रंग बदलताना पाहिला नव्हता.

त्याच वर्षी धारवाडला विज्ञान शिक्षकांचं शिबिर झालं होतं. तिथं एका निवृत्त शास्त्रज्ञांनी पुरलेली स्फोटकं कशी हुडकतात ते सांगितलं. स्फोटकांत नत्राची संयुगं असतात, ती हळूहळू मातीत उतरतात. चिमूटभर माती घ्यायची, जस्ताची भुकटी टाकायची, दोन बाटल्यांतली औषधं थेंबथेंब सोडायची. नत्र असेल तर गुलाबी-लाल रंग येतो. शास्त्रज्ञांनी पुढंही बरंच काही सांगितलं म्हणे, पण तेव्हा जेवणाची घंटा झाली. दोन्ही बाटल्या मास्तरांनी पिशवीत घालून घरी आणल्या आणि देवाजवळ ठेवल्या.

पहिल्या चाचणीची माती शाळेच्या मागच्या भिंतीपासून घेतली. (शाळेला मुतारी नव्हती. ती मंजूर होती.) प्रयोगशाळेत फुलाफुलांच्या कापडावर मास्तरांनी बाटल्या मांडल्या, माती नळीत टाकली, थेंब सोडले. आणि नळीतलं पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल झालं, जास्वंदीसारखं लालभडक झालं.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आला,” ते म्हणाले, “चिटणीस, रंग आला हो!”

“म्हंजे पेटी हितंच हाय?” परशूअण्णांनी विचारलं.

मास्तरांना ऐकूच गेलं नाही. ते नळी उजेडाकडं धरून उभे होते.

त्यानंतर समितीनं जो झपाटा लावला त्याला तोड नाही. गोठे लाल निघाले. उकिरडे लाल निघाले. युरिया टाकलेली शेतं लाल, म्हशींचा पाणवठा लाल, देवळामागची नारळाची आळी लाल. तपासलेल्या जागांपैकी शंभर टक्के जागा स्फोटक ठरल्या. माळशेत हे गाव आजवर उडालं कसं नाही, याचंच हवालदारांना नवल वाटू लागलं. नियम असा केला की, रंग लाल तिथं लाल फडकं लावायचं आणि वरून माणसं येईपर्यंत कोणी पाय टाकायचा नाही. समितीनं मात्र जबाबदारी ओळखून काही ठिकाणी स्वतः खणून पाहिलं. खालीलप्रमाणे वस्तू हाती लागल्या: दारूचे डबे, बरेच (पैकी काही हवालदारांनी पुढील तपासासाठी ताब्यात घेतले), परशूअण्णांच्या घरातून वाटणीच्या साली नाहीशी झालेली तांब्याची घागर (ती परशूअण्णांच्याच परसात निघाली, सबब पुन्हा पुरण्यात आली), एक जातं, आणि सावित्रीकाकूंची कवळी, जिचा खुलासा झाला नाही. पेटी मिळाली नाही. यावरून ती फार खोल पुरलेली आहे, असं ठरलं.

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. मग बायजाक्काच्या शेतात फडकं लागलं.

बायजाक्काचा नवरा वास्कोला बंदरावर कामाला होता. गावात ती, तिचा मुलगा (मागच्या बाकावरचा तोच लाडू), जाऊ फुला आणि ओहोळाला लागून असलेलं एक भाताचं शेत. जुलै अर्धा सरला होता, तरवा, म्हणजे लावणीची रोपं, हातभर वाढून तयार होता. रोप वेळेत लावलं नाही तर ते तरव्यातच म्हातारं होतं, मग लावूनही फुटवा धरत नाही. त्या शेतातलं भात हेच त्या घराचं वर्षाचं जेवण होतं. त्यामुळं फडकं बघून ती हातातली रोपांची मूठ घेऊन तशीच, चिखलाच्या पायांनी, प्रयोगशाळेच्या दारात आली. समिती बसली होती. परशूअण्णा अध्यक्ष या नात्यानं एकुलत्या एका बैठकीवर, म्हणजे पेटीवर, बसले होते.

“मास्तर, तितं मी मिरगाच्या आदी म्हशी बसवल्याल्या,” बायजाक्का म्हणाली. “युरियाबी टाकलाय. शेणामुताचं रान, लाल न्हाई व्हनार तर काय व्हईल?”

हे आम्हाला कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. मास्तरांना तर पाठ होतं. पण शिक्षण घेतलेला माणूस एकदम कुठंही उडी मारत नाही.

“बायजाक्का,” मास्तर शांतपणं म्हणाले, “खतांचा धडा नववा. स्फोटकांचा धडा बारावा.”

“पर नत्र त्येच न्हवं दोनीकडं? आमचा लाडू घरी पाठ म्हनतोय की.”

“आहे ना. पण परीक्षेत एका वेळी एकाच धड्यावर विचारतात. सध्या बारावा चालू आहे.”

तिनं हातातली रोपांची मूठ पुढं केली. “तरवा थांबत न्हाई, मास्तर,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. मला वाईट वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असावं, कारण परशूअण्णांनी लगेच चहा सांगितला.

आता आमच्याकडच्या शेतीची एक पद्धत सांगायला हवी. इथली भातशेतं पायऱ्यापायऱ्यांची. ओहोळाचं पाणी सर्वात वरच्या शेतात येतं, तिथून बांधातल्या मोरीतून खालच्या शेतात, तिथून त्याच्या खालच्या. वरच्यानं खालच्याचं पाणी अडवायचं नाही, हा दंडक आजोबा-पणजोबांपासून चालत आलाय. त्यावर भांडणं झाली पण तो मोडला नाही. बायजाक्काचं शेत वरचं. तिच्या खालची सगळी शेतं परशूअण्णांची.

दुसऱ्या दिवशी परशूअण्णांच्या शेतात लावणीला बायका आल्या. पावसानं उघडीप दिली होती आणि बांधातून पाण्याचा थेंब येत नव्हता. बायका बांधावर पान खात बसल्या. परशूअण्णा तणतणत वर गेले. बघतात तो बायजाक्कानं मोरी बुजवून पाणी बाजूनं पुन्हा ओहोळात सोडलेलं.

“पानी का तोडलंस गं?”

“तुमच्या काळजीपायी, अण्णा,” बायजाक्का बांधावर उभी राहूनच म्हणाली. (शेतात पाय टाकायला समितीची मनाई होती आणि ती नियम मोडणारी नव्हती.) “माज्या श्यातात सुरुंग हाय, असं तुमीच लिवल्यालं न्हवं? त्येच्यातनं आलेलं पानी तुमच्या श्यातात सोडू? उद्या काय झालं म्हंजे पाप कुनाला?”

परशूअण्णांना आयुष्यात प्रथमच एका सरकारी आदेशाचं तंतोतंत पालन बघायला मिळालं आणि ते त्यांना सोसलं नाही. संध्याकाळी त्यांनी समितीची तातडीची बैठक बोलावली. विषय एकच: शोध लवकर संपवणे.

ती बैठक चालू असतानाच कृष्णा मेस्त्री पेढे घेऊन दारात उभा राहिला. मुलगी झाली होती. पेढे वाटता वाटता त्यानं सहज विचारलं, “आमची पेटी न्हेऊ का आता? शेड नीट केल्याय म्हनत्यात.”

“कसली पेटी?”

“ही की. अण्णा बसल्यात ती. जिलेटिनची.”

परशूअण्णा उठले. इतक्या सावकाश उठताना मी त्यांना मतमोजणीच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. लखूनं कापड काढलं, पेटी फिरवली. इंग्रजी अक्षरं ठसठशीत होती, शेजारी कवटीही होती. हवालदारांनी तोंडात घातलेला पेढा तसाच धरून ठेवला. मेस्त्रीनं धीर दिला, “टोप्या लावल्याबिगर काय व्हत न्हाई. नुसतं त्येच्यावर चूल मांडू नगा.” लखूनं मान खाली घातली, तो रोज समितीचा चहा तिच्याशेजारीच स्टोव्हवर करत होता.

बातमी गावभर झाली. बायजाक्का धावत आली. “गावली न्हवं पेटी? मग काढा माजं फडकं!”

तिचं म्हणणं वरवर पाहता बरोबर वाटतं. पण हवालदारांनी आदेश पुन्हा वाचून दाखवला. शोध पुरलेल्या स्फोटकांचा घ्यायचा होता. ही पेटी पुरलेली नव्हती. म्हणजे पुरलेली अजून सापडायचीच होती. शिवाय शाळेत सापडली असं लिहिलं तर शाळा बंद, लखू आत, मेस्त्री आत, मास्तर घरी, आणि अध्यक्ष कशावर बसले होते तेही लिहावं लागणार. आम्ही बराच वेळ विचार केला. शेवटी परशूअण्णांनी, खाली वाळणारी आपली शेतं डोळ्यांपुढं ठेवून, प्रश्नाला हात घातला. पेटी पुरलेली नाही एवढीच अडचण असेल, तर ती पुरावी.

ठराव एकमतानं झाला. रामनगरच्या रस्त्याकडं मुरमाचं एक टेकाड आहे. तिथं गवत उगवत नाही, म्हणून गुरं जात नाहीत. कृष्णा मेस्त्रीनं स्वतः खड्डा काढला, पेटी प्लॅस्टिकात गुंडाळून अलगद आत ठेवली आणि माती लोटली. आता उरलं ते शास्त्र. चाचणी घ्यायची, रंग लाल येणार, उकरायचं, पेटी काढायची, पंचनामा, फडकी खाली. बायजाक्का आणि फुला रोपांच्या मुठी बांधूनच आल्या होत्या.

मास्तरांनी मुरूम नळीत टाकला. जस्त टाकलं. थेंब सोडले. आम्ही पाहत राहिलो.

काही झालं नाही. पाणी पांढरंच. मास्तरांनी पुन्हा माती घेतली, पुन्हा थेंब सोडले. पांढरं.

“आता ओ?” परशूअण्णा म्हणाले. पांढरं तिथं खणायचं नाही, हा नियम समितीनंच केला होता आणि वर कळवलाही होता. म्हणजे सबंध माळशेतात एकच जागा सुरक्षित निघाली, आणि तिथं पेटी होती. बायजाक्का मटकन मुरमावर बसली. तिच्या हातातल्या रोपांची टोकं पिवळी पडायला लागली होती.

मास्तरांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. सगळ्या जन्मात एकच रंग डोळ्यांनी पाहिलेला माणूस तो. आता तो रंग खोटा म्हण, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? ते नळी धरून उभे राहिले. बायजाक्काकडं बघितलं, रोपांकडं बघितलं. मग हळूच हसले.

“रंग खोटं बोलत नाही,” ते म्हणाले. “तक्ता उलटा आहे. पेटी इथं आहे हे आपण सगळ्यांनी पाहिलं. रंग पांढरा हेही पाहिलं. अनुमान काय? जिथं पांढरं तिथं स्फोटक. जिथं लाल तिथं नाही. चिटणीस, लिहा.”

मी लिहिलं. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. लिहिताना कुठं अडायला झालं नाही. परशूअण्णांनी सही केली, हवालदारांनी कुदळ मागितली, पांढऱ्या जागी खणताच पेटी निघाली. शास्त्राचा यापेक्षा स्वच्छ विजय मी पाहिलेला नाही. टेकाडावर टाळ्या झाल्या आणि उरलेले पेढे संपले.

“मास्तर,” बायजाक्कानं जाता जाता थबकून विचारलं, “म्हंजे माजं लाल हाय, ते चांगलं न्हवं?”

“उत्तम आहे.”

“आनि उद्या परत फिरलं तर?”

“मग तसं शिकवू,” मास्तर म्हणाले.

ती आणि फुला पळतच शेताकडं गेल्या. मोरी उघडली गेली, पाणी खाली खळखळलं, आणि अंधार पडेपर्यंत दोघांच्याही शेतांत बायकांची गाणी चालू होती. दिवाळीनंतर बायजाक्कानं मास्तरांच्या घरी नव्या तांदळाचं गाठोडं पाठवलं. आतल्या पुरचुंडीत जास्वंदीचं एक वाळकं फूल होतं.

वरच्या ऑफिसनं अहवाल शब्दही न बदलता मान्य केला. चारही मथळे जागच्या जागी होते, म्हणून त्यांना हरकत घेण्यासारखं काही दिसलं नाही. सुधारित तक्ता आसपासच्या गावांनाही पाठवण्यात आला असं कळतं. मास्तर पुढं निवृत्त होईपर्यंत मुलांना डोळे मिटायला सांगत राहिले, पण तेव्हापासून ते स्वतः डोळे मिटत नसत.

आता तुम्ही हसला असाल. शिकलेली माणसं आहात, हसायचा हक्क आहे. फक्त जाता जाता एक आठवून सांगा. दहावीच्या प्रात्यक्षिक वहीत तुम्ही स्वच्छ अक्षरात लिहिलं होतंत की, आम्ल घालताच निळा लिटमस लाल झाला. त्याचे गुण घेतलेत, पुढं गेलात, त्यावर नोकरी लागली, आज पोराबाळांना विज्ञान समजावताही. तो रंग तुम्ही पाहिला होता का? आमच्या मास्तरांनी निदान एक तरी पाहिला होता.